विहिणींचे हातमोजे

अहो, ऐकलंत का? जरा इकडे भिंतीपाशी या ना. तुमच्याकडचा पाण्याचा पंप चालू आहे तोवर बोलून घेऊ, म्हणजे वरच्या मजल्यावर ऐकू जायचं नाही. सी-विंगच्या काकूंकडे रविवारी बारसं झालं! हो हो, मिसिसागातलंच. लेक तिकडे कॅनडात, पाळणा तिकडे आणि पेढे इथे बोरिवलीत, कुलुपवाडीत. मी होते म्हणून तर सांगतेय. रात्री आठला त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीला फोन जोडून बसलो होतो आम्ही बायका, तिकडे सकाळचे साडेनऊ. पडद्यावर एका चौकटीत लेक, जावई आणि पाळणा, दुसऱ्या चौकटीत मुलुंडच्या विहीणबाई. पैठणी नेसून! घरात बसून, व्हिडिओ कॉलला, पैठणी! आणि सगळ्यांचे डोळे कुठे? बाळाच्या चेहऱ्यावर नाही हो. हातांवर.

मोजे कोणी विणलेले घातलेत, एवढंच बघायचं होतं सगळ्यांना.

नाव कोणाचं घ्यायचं नाही हं. मीही घेत नाही. उद्या काकू मलाच विचारतील, भिंतीपाशी एवढं काय चाललं होतं म्हणून.

मागचं तुम्हाला ठाऊकच आहे. ह्या दोघी विहिणी म्हणजे… एक बोरिवलीची, एक मुलुंडची. मध्ये काय, तर अख्खं नॅशनल पार्क, शंभर चौरस किलोमीटरच्या वर जंगल. दोघींच्या खिडकीतून डोंगर तोच दिसतो, फक्त एकीला पुढून आणि एकीला मागून. पण भेटायचं म्हटलं तर दादरला उतरून लाइन बदला, नाहीतर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला ट्रॅफिकमध्ये बसून राहा. म्हणून सगळा मामला फोनवर. आणि फोनवर पहिली ठिणगी पडली ती कशावरून, माहीत आहे? थंडीवरून! विहीणबाई म्हणाल्या, "खरी थंडी आमच्या मुलुंडला, येऊरचा वारा येतो ना." काकूंना झोंबलं. म्हणाल्या, "आमच्याकडे पार्क दाराशी आहे. आम्ही डिसेंबरात पंखा दोनवर ठेवतो."

पंखा दोनवर! ह्याला थंडी म्हणायची आपण.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजींनी तोंड उघडलं. त्या बोलत नाहीत फारशा, पण बोलल्या की… म्हणाल्या, थंडी तुम्ही दोघींनी बघितलीच नाहीये. २२ जानेवारी १९६२, सांताक्रूझला ७.४ डिग्री. मुंबईतला तो नीचांक अजून कोणी मोडलेला नाही. आजी तेव्हा शाळेत. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात चीन चालून आला. नोव्हेंबरात यशवंतराव दिल्लीला गेले संरक्षणमंत्री होऊन, आणि इकडे घराघरांतल्या, शाळांतल्या बायका-मुली जवानांसाठी विणायला बसल्या. आजींच्या बाईंनी वर्गात लोकर वाटली. हात कच्चा असेल तिला मफलर, सराव असेल तिला पायमोजे, आणि अगदी पक्का हात असेल तिलाच हातमोजे. आजींना काय मिळालं, विचारलं मी. "मफलर," म्हणाल्या, आणि असं तोंड केलं की एवढी वर्षं झाली तरी तो राग गेलेला नाही, कळलं मला! मग म्हणाल्या, "पण भांडण नव्हतं हो आमच्यात. मोजा कोणाच्या हातात जाणार तेच ठाऊक नव्हतं ना."

काकू गप्प. मुलुंडच्या फोनवर होत्या, त्याही गप्प. स्पीकरवर ठेवला होता फोन.

तर काय सांगत होते… हां, हात. तर काकूंचा हात घट्ट. त्या फोर्टातल्या बँकेत होत्या ना, तेव्हापासूनचं ते. बोरिवली-चर्चगेट लेडीज स्पेशल सुरू झाली ५ मे १९९२ ला, आणि पहिल्या दिवसापासून आपली खिडकी ठरलेली होती असं त्या सांगतात. बरं, आता बघायला कोण गेलंय! तर डब्यात कोणी मटार सोलतंय, कोणी मेथी निवडतंय, कोणाचं हळदीकुंकू चाललंय, आणि काकूंच्या पर्समधून सुया बाहेर. तिथे कोपर हलवायला जागा नाही. मग टाका आवळूनच घेतला जातो. आजही त्या विणायला लागल्या की सुई सरकताना कुई कुई आवाज येतो, शेजारी बसून बघा कधी. विहीणबाईंचं उलटं. जन्मभर झोपाळ्यावर बसून विणलंय, हात कसा सैल, ऐसपैस. सुया एकाच नंबरच्या, लोकर एकच, टाके मोजून तेवढेच, तरी दोघींचे दोन मोजे दोन मापांचे होणार. हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

सुयांच्या नंबरवरून आठवलं! ते प्रकरण तुम्ही गावाला गेला होतात तेव्हाचं. गेल्या थंडीत. जावयासाठी मिटन विणायचे ठरले, बिनबोटांची पिशवी आणि वेगळा अंगठा, तसले. तिकडे जानेवारीत उणे दहा, उणे पंधरा सहज जातं, आणि बोटं वेगवेगळ्या घरांत ठेवण्यापेक्षा एकत्र ठेवली की एकमेकांना ऊब देतात, म्हणून पाच बोटांच्या मोज्यापेक्षा हे बरे. तर विहीणबाईंनी मोठ्या मनानं नमुना पाठवला व्हॉट्सॲपवर. अमेरिकन नमुना. खाली स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहून दिलं होतं सगळं: तीस टाके घाला, दोन सुलट दोन उलट, सुई दहा नंबर.

काकूंनी घेतली दहा नंबरची सुई. आपली दहा नंबर.

आता तुम्ही विणत नाही म्हणून सांगते. आपल्याकडे जुना विलायती हिशोब. नंबर वाढला की सुई बारीक. आठ म्हणजे चार मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन, बारा म्हणजे पावणेतीन. आणि अमेरिकेचं सगळंच उलटं, तिथे नंबर वाढला की सुई जाड! त्यांची दहा म्हणजे सहा मिलिमीटर. दुप्पट नाही का जवळजवळ? त्यात लोकर घेतली नेहमीची फोर प्लाय, आणि हात हा असा आवळलेला. झाले की हो मोजे! इतके सुबक, इतके सुरेख, अंगठा कुठे काढलाय तेसुद्धा कळू नये. फक्त तीन वर्षांच्या मुलाचे.

आणि घरी कोणी घालून बघायचं? काकांना म्हणाल्या, हात द्या. काकांनी हात दिला नाही. ते आधीच म्हणत होते की हिवाळ्यात परळला तिबेटी स्वेटरवाले बसतात, तिथून एक जोडी आणू आणि विषय संपवू. त्यावर काकूंनी जे बघितलं ना त्यांच्याकडे… काका गॅलरीत गेले ते जेवायलाच आत आले.

तर मोजे गेले कॅनडाला. जावयानं कॅमेऱ्यासमोर घातले. म्हणजे घालायला घेतले. चार बोटं निम्मी आत गेली, अंगठा बाहेरच. जावई गुणी हो, म्हणतो कसा, "आई, छान आहेत, थोडे ताणले की होतील." लेक मान फिरवून हसतेय. आणि विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "सुई यूएसची घ्यायची होती ना हो. वर लिहिलंय की नमुन्यात."

वर लिहिलं होतं इंग्रजीत, बारीक अक्षरांत. खाली मराठीत नुसतं 'दहा'. तेव्हापासून काकूंचं ठाम मत आहे की ते मुद्दाम होतं. मी समजावलं हो, म्हटलं, हल्ली सुईवर मिलिमीटर छापलेले असतात, ते बघून घ्यायचे, नंबराच्या नादी लागायचंच नाही. पण काकूंना मिलिमीटर नकोत, त्यांना न्याय पाहिजे!

अर्थात मुलुंडचं तरी काय. विहीणबाईंनी त्याच वर्षी शुद्ध मेरिनो लोकरीचे पाच बोटांचे पाठवले होते. किती ऐकवायच्या त्याबद्दल! आम्ही ॲक्रिलिक नाही वापरत, खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिते आणि हाताला कळूसुद्धा देत नाही, वगैरे. खरं आहे ते, नाही असं नाही. आपल्याकडे दुकानात लोकर मागा, निम्म्या वेळा लुधियानाचं ॲक्रिलिकच हातात येतं, आणि ते बर्फात भिजलं की गार पडतं. पण खरी लोकर खऱ्या लोकरीसारखी धुवावी लागते. जावयानं मशीनमध्ये टाकले, गरम पाणी, वर ड्रायर. बाहेर आले तेव्हा नमदा झाला होता आणि माप… काकूंच्या मोज्यांच्या जोडीला ठेवता आले असते.

हे कळलं त्या दिवशी काकूंनी आम्हाला वरईची खीर खायला बोलावलं. उपास नव्हता काही.

बरं, पाच बोटांचं तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही हं. मी बघितलंय जवळून. चार सुयांवर गोल गोल मनगट विणायचं, मग अंगठ्याच्या बाजूला एक ओळ सोडून एक ओळ दोन दोन टाके वाढवत जायचं, असा त्रिकोण होतो बघा. ते टाके सेफ्टी पिनेत अडकवून ठेवायचे, तळवा पुरा करायचा आणि मग एकेक बोट. बोटाबोटांच्या मध्ये जिथे फाटा फुटतो तिथे हमखास भोक पडतं. विहीणबाई तिथे दोन टाके जास्तीचे उचलतात आणि पुढच्या ओळीत जोडून टाकतात. काकू म्हणतात, मी शेवटी दोऱ्यानं आवळून घेते, भोक दिसतच नाही. मी दोघींचे मोजे आत बोट घालून बघितलेत. दोघींनाही मी काही बोलले नाही.

आणि एवढं करून जावई काय म्हणतो? "मोज्यात फोन चालत नाही." बोटाची वीज का काय ती लोकरीतून काचेपर्यंत पोचत नाही, स्क्रीन ढिम्म. बसस्टॉपवर बोटं बाहेर काढायची, बस बघायची, परत आत. मग विहीणबाईंनी विणले बोटांची टोकं उघडी असलेले मोजे. काकूंना फोटो आला. काकूंनी चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाल्या, "लोकर संपली वाटतं मुलुंडात."

हो ना, असं चाललेलं असतं! आमची धाकटी म्हणते, आई, हा हातमोज्यांचा विषयच नाहीये, हा मानपान आहे. बरोबर बोलते कार्टी. तिनेच दाखवलं मला, लाटव्हिया म्हणून देश आहे ना वर थंडीत, तिथे पूर्वी मुली लहानपणापासून मोजे विणून पेटी भरायच्या, आणि लग्नात सासरच्या एकेकाला जोडी द्यायची. सासू, सासरे, दीर, नणंदा, लग्न लावणारा पाद्री, गाडी हाकणारा, सगळे आले त्यात. घरात शिरल्यावर चुलीपाशी, गोठ्यातसुद्धा मोजे ठेवायचे म्हणे. रुखवत आणि मानपान एकाच पेटीत! अजून ते सोडलेलं नाही त्यांनी. २००६ मध्ये रीगाला नाटोची परिषद भरली तेव्हा पाहुण्यांसाठी हाताने विणलेल्या साडेचार हजार जोड्या केल्या होत्या. म्हणजे बघा, सैन्याची बोलणी चाललीयेत आणि हातात आहेराची पिशवी.

तर काकूंच्या त्या 'लोकर संपली'वर विहीणबाईंनी कडी केली. तो अमेरिकेतला बर्नी सँडर्स नाही का, २० जानेवारी २०२१, बायडेनच्या शपथविधीला पाय दुमडून, हातांवर हात ठेवून एकटा बसलेला? काय गाजला तो फोटो! तोच धाडला त्यांनी काकूंना, सोबत आपल्या मोज्यांचा फोटो, आणि लिहिलं, 'सेम टू सेम.' काकूंनी रात्र घालवली शोधण्यात. सकाळी उत्तर गेलं, 'ते विणलेले नाहीत. व्हरमाँटच्या एका शिक्षिकेने जुन्या स्वेटरचे तुकडे शिवून केले आहेत. आत प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून केलेलं अस्तर आहे.' दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही आलं.

तर काय सांगत होते मी… बाळ!

बाळ होणार कळलं आणि काकूंनी बाळंतविडा करायला घेतला. तो माहेरचाच मान, त्यात काही बोलायलाच नको. ऑक्टोबरची ती काहिली, तुम्हाला आठवतं ना, कपडे वाळत घालायला गॅलरीत पाय ठेववत नव्हता. आणि काकू पंखा पाचवर ठेवून, मांडीवर ओला नॅपकिन, त्याच्यावर बेबी वूल. घामानं लोकर सुईला चिकटते म्हणून मधून मधून हाताला पावडर लावायच्या. कुंची, टोपडं, पायमोजे, आणि दोन चिमुकले हातमोजे. अंगठा नसलेले, मनगटाला नाडी. बाळ तोंडावर ओरबाडून घेतं ना.

इतक्यात मुलुंडहूनही पार्सल गेलं. आधी सांगितलं नाही, विचारलं नाही. बाळंतविड्यात सासरची लुडबुड! आणि त्यातल्या मोज्यांवर… अहो, अक्षर! दोन रंगांत विणलेलं. पांढऱ्यावर हिरवं. बारशाच्या आधी! नाव ठेवायचा मान आत्याचा, आत्या म्हणजे विहीणबाईंची मुलगी, म्हणजे मायलेकींनी आधीच ठरवून टाकलं होतं आणि मोज्यावर विणूनही टाकलं. आमच्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, जन्माच्या आधी पाळणासुद्धा घरात आणू नये.

लेकीनं फोटो पाठवला काकूंना, आणि काकूंनी मला दाखवला, नुसता बघ म्हणून. अक्षर कोणतं, तेच कळेना. विहीणबाईंचा हात सैल, त्यात अक्षर विणायचं म्हणजे… वरची रेघ तेवढी झकास आली होती, खाली सगळा गोंधळ. काकू म्हणाल्या 'र'. मी म्हटलं, अहो ही बाजूची उभी काठी बघा, 'स' आहे. ए-विंगच्या ताई म्हणाल्या, उलटं धरलंय का? आम्ही तिघींनी फोन फिरवून फिरवून बघितला. काकू दोन रात्री झोपल्या नाहीत. 'र' असेल तर विहीणबाईंच्या सासऱ्यांचं नाव, 'स' असेल तर… ते जाऊ दे, तो वेगळाच विषय आहे, नंतर सांगते.

तर रविवार. टीव्ही लागला. पाळणा फुलांनी सजवलेला, तिकडच्या मराठी मैत्रिणी जमलेल्या, साड्या आणि पायांत लोकरीचे मोजे. लेकीनं बाळाला उचललं. आम्ही सगळ्या पुढे सरकलो. मुलुंडच्या चौकटीतही पैठणी पुढे सरकली.

हात उघडे!

एकही मोजा नाही. ना इकडचा, ना तिकडचा. बाळ आपलं पंजे हलवतंय, मूठ तोंडात घालतंय.

काकूंचा चेहरा… मी शेजारीच होते. पेढा हातात होता, तो तसाच राहिला. आणि मुलुंडच्या चौकटीत बघावं तर तिकडेही तेच. दोघींनी एकदमच विचारलं, "अगं, मोजे?"

लेक शांतपणे म्हणाली, नर्स आली होती तपासायला, तिनं काढायला सांगितले. घरात हीटिंग असतं, एकवीस डिग्री, हातांना काही लागत नाही. बाळ भूक लागली की हात तोंडाशी नेतं, हातानं चाचपडत दुधापर्यंत येतं, ते झाकले तर त्याला आणि आईला दोघांनाही कळेनासं होतं. नखं बारीक घासून ठेवायची म्हणजे ओरबाडत नाही. आणि मुख्य म्हणजे आतले धागे. एखादा सुटा धागा बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्त अडतं, बोट सुजतं, आणि मोज्याच्या आत असल्यामुळे कोणाला दिसतही नाही. बाळ नुसतं रडत राहतं.

हे मात्र खरं हं. थट्टा नाही. तुमच्याकडे नातवाला घालत असाल तर आधी उलटे करून बघा. आणि दोन रंगांचं विणकाम असेल तर आतल्या बाजूनं धागे मोकळेच लोंबतात, एका रंगावरून दुसऱ्या रंगावर उडी मारताना. म्हणजे ते अक्षरवाले मोजे! नर्सनं तेच पहिले बाजूला काढले. लेक हे बोलली, आणि काकूंच्या चेहऱ्यावर काय उजेड पडला म्हणून सांगू. दोन सेकंदच. मग लेक म्हणाली, "तुझ्यातही गाठीचं टोक सुटलं होतं, आई."

हॉलमध्ये कोणी बोलेना. वरच्या मजल्यावरचा मिक्सर तेवढा ऐकू येत होता.

बाहेर प्रॅममधून नेताना घालू, असं जावयानं घाईघाईनं सांगितलं. घालू, दोन्ही घालू, आलटून पालटून. शिकवून ठेवलेलं होतं, नक्कीच.

मग पाळणा. गोविंद-गोपाळ झालं, आत्याबाई मुलुंडातून पुढे वाकल्या, आईकडे एकदा बघितलं, आणि लेक-जावई तिकडून म्हणाले, थांब, आम्ही एक नाव ठरवलंय, तेच घे. फोनवर पाठवलं. आत्यानं वाचलं. नाव 'न'वरून!

'न'! ना 'र', ना 'स'. फिरवून धरा, उलटं धरा, 'न' होत नाही.

विहीणबाईंचा चेहरा मी बघितला. ए-विंगच्या ताईंनी तेवढ्यात विचारायचं ते विचारलंच, त्यांना कुठे राहवतंय! "मग मोज्यावर ते कोणतं अक्षर होतं हो?" सगळीकडे शांतता. विहीणबाई म्हणाल्या, "अक्षर? छे हो. अक्षर कुठलं. नक्षी होती ती."

आणि आमच्या काकू! ज्यांनी वर्षभर त्या 'दहा'वरून उभा दावा मांडला होता, त्या काकू पेढा खाली ठेवून म्हणाल्या, "हो हो, नक्षीच. मी फोटो बघितला ना. वेलबुट्टी आहे ती."

मी अवाक्! ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी ताईंकडे. दोन रात्री जागून 'र' का 'स' करणारी ही बाई!

तेव्हापासून दोघींचं जे सूत जमलंय… रोज फोन. मुलांनी परस्पर नाव ठरवलं हा एक विषय, नर्स हा दुसरा. त्या नर्सला बिचारीला उचक्या लागत असतील तिकडे. आणि आता महिनाअखेरीला विहीणबाईंचा भाचा निघालाय टोरोंटोला, तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यात मेतकूट, भाजणी, डिंकाचे लाडू, बाळंतिणीचा सगळा मसाला, आणि राहिलेल्या कोपऱ्यात जावयाचे मोजे. दिवस कमी म्हणून दोघींनी वाटून घेतलं. डावा एकीनं, उजवा दुसरीनं! लोकर एकाच लॉटची, दादरला दोघी भेटून घेऊन आल्या, ब्रिजवर उभ्या राहून टाके मोजून ठरवले. सुई साडेतीन मिलिमीटर. मिलिमीटरमध्ये बोलल्या हो दोघी! आणि ह्या खेपेला धुवायची चिठ्ठीही आत शिवलीये, जावयाला वाचता येईल अशी, इंग्रजीत.

काल विहीणबाई स्वतः आल्या इथे, लिंक रोडनं दोन तास बसून. मला मुद्दाम बोलावलं काकूंनी. टेबलावर डावा आणि उजवा शेजारी शेजारी ठेवले. मनगट जुळवलं, बोटं सरळ केली.

एक दुसऱ्यापेक्षा चांगला इंचभर लांब!

दोघींनी बघितलं, दोघी गप्प. मग काकू म्हणाल्या, "उजवा हात थोडा मोठाच असतो ना माणसाचा." आणि विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या घरात सगळ्यांचाच असतो." आणि घातले की हो पिशवीत! भाचा घेऊन जाणार आहे तसेच.

नाही हो, लांब कोणाचा झाला ते मी सांगायची नाही. तुम्हाला हात माहीत आहेत दोघींचे. बंद झाला वाटतं पंप तुमचा.